पार्वतीबाई आहेत का?

"पार्वतीबाईंना द्या," अहमदपूरहून आवाज आला आणि मी कानावरचा हेडफोन नीट केला. उगाचच.

लातूर जिल्हा होऊन तीनच वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला नव्या लाइनी लागल्या, म्हणून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्हा आठ मुलींना तात्पुरतं घेतलं होतं. वर गरगरणारा पंखा, समोर ट्रंक बोर्ड आणि बाहेर दुष्काळाचा उन्हाळा. कायम कुणाला करायचं ते सुपरवायझर लक्ष्मम्मा मॅडमच्या शिफारशीवर ठरणार होतं. हिप्परग्याला माझी आई दोन कोसांवरून पाणी आणायची. नोकरी पक्की झाली की तिला लातूरला आणायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात.

तर हा कॉल पीपी होता. म्हणजे ठरावीक माणसासाठीचा. तो माणूस फोनवर आला तरच बोलण्याचे पैसे. नाही आला तर कॉल रद्द. मी लातूरचा नंबर लावून विचारलं.

"पार्वतीबाई न्हाईत," तिकडून कुणी म्हातारा खाकरला आणि फोन आपटला.

"नाहीत हो," मी अहमदपूरला सांगितलं.

"बरं... असू द्या." आवाज तरणा, पण दमलेला. "तुम्ही जेवलात का?"

"हे एक्स्चेंज आहे, खानावळ नाही!"

तो हसला. मेला इतका छान हसला, की ते हसू मी संध्याकाळपर्यंत कानात घेऊन फिरले.

दुसऱ्या दिवशी तोच आवाज. बसवंत नाव सांगायचा. तिसऱ्या दिवशीही पार्वतीबाई नव्हत्या. मग पंधरा दिवस रोज. कधी चाकूरहून, कधी किनगावहून, पण विचारणं तेच आणि उत्तरही तेच. माझा जीव तुटायला लागला. पार्वतीबाई त्याची आईच असणार, मी ठरवून टाकलं. लेक उन्हातान्हात बाहेरगावी राबतोय, आणि ही बाई फोनवर येत नाही!

"आज पण नाहीत..." मी हळूच सांगायची.

"तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, शिवकन्याबाई."

"नाव कुणी सांगितलं?"

"मागं कुणी तरी हाक मारली ना तुम्हाला. ऐकू येतं की... तुमच्या बांगड्या पण ऐकू येतात."

मी बांगड्या मागे सारल्या. थोड्या वेळाने पुन्हा पुढे आणल्या.

शेवटी एका दुपारी डबा न खाता मी नंबरवरून पत्ता काढला आणि पार्वतीबाईंना चार शब्द सुनवायला निघाले. पत्त्यावर घर नव्हतंच. पत्र्याचं शेड, दारात बोअरचे पाईप रचलेले. आत ईश्वरप्पा नावाचे म्हातारे मालक वारा घेत बसलेले.

"पार्वतीबाई कुठं आहेत?" मी दरडावलं.

म्हातारा पोट धरून हसला. "पार्वतीबाई? पोरी, पार्वतीबाई म्हंजी कोरडं बोअर! बसवंत आमच्या बोअरच्या गाडीवर हाय. पाणी लागलं तर त्यानं लिंबाजीला विचारायचं, म्हंजी मी पाईप आन् हातपंप धाडतो. न्हाई लागलं तर पार्वतीबाई. फुकटात निरोप! डोकं त्याचंच हाय बरं का."

मी एका कोरड्या भोकासाठी पंधरा दिवस हळहळत होते! वर सरकारला माझ्याच हातून फसवलं जात होतं. परत येताना रागाने चपलेचा अंगठा तुटला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलूच दिलं नाही. "चोर! लबाड! तक्रार केली ना, तर तुमच्या मालकाचा फोन तुटेल!"

"करा," तो म्हणाला. "खोटं बोललो, कबूल हाय. पण तुमच्याशी जे बोललो ते खोटं न्हवतं... तक्रार उद्या केली तर चालंल का? उद्या गाडी हिप्परग्याला हाय."

हिप्परगा माझं गाव आहे, हे त्याला माहीतही नव्हतं. मी तक्रार केली नाही. तो दिवसही धड गेला नाही, ती रात्रही नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला अहमदपूरचा दिवा लागला. तोच आवाज.

"लि... लिंबाजींना द्या."

"लिंबाजी!" मी खुर्चीवरून उठले. "खरंच? किती फुटांवर? गोडं आहे का?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मागे लक्ष्मम्मा मॅडम उभ्या.

"अय्यो! कोण गं ह्यो लिंबाजी?"

थाप सुचत होती. पण दिवसभर लबाड गिऱ्हाइकांना झापणारी मी, मला ती मारवेना. मी रडत रडत सगळं सांगितलं. मॅडमनी माझा हेडफोन काढून घेतला. अहमदपूरची लाइन अजून चालूच होती. "उद्यापास्नं बोर्डावर बसायचं न्हाई. फायली पुसायच्या."

गेली पक्की नोकरी. आईला पाणी मिळालं, आणि मला हे.

दोन दिवसांनी मी रेकॉर्डच्या खोलीत फायली पुसत होते, तेव्हा दारातून मॅडमच्या टेबलासमोर एक उंच, सावळा माणूस उभा दिसला. सगळा जिल्हा पाण्याला मोताद, आणि याची विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली! त्याने लेखी अर्ज पुढे केला.

"समदे खोटे कॉल माझे हायेत. ह्यांनी मला पकडलं, चोर म्हटलं. सजा मला द्या."

मग तो वळला. आम्ही पहिल्यांदाच एकमेकांना बघत होतो. माझा हात फडक्यासकट तसाच राहिला. त्याने खिशातून औषधाची एक बाटली काढली, पाण्याने भरलेली.

"हिप्परग्याच्या म्हातारीनं दिली. म्हणाली, माझी पोरगी लातूरच्या फोनात हाय... तेव्हा कळलं मला."

मी तिथंच बूच काढून प्यायले. कोमट, गढूळ, गोड. डोळ्यांतलं आणि बाटलीतलं एकत्र झालं.

मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. "दंड भर. आन् पुन्हा फोन केलास तर सरळ मार्गानं. कळलं?" मग माझ्याकडे न बघता हेडफोन टेबलावर सरकवला.

कायम झालेल्यांच्या यादीत माझं नाव आलं त्याच आठवड्यातली गोष्ट. अहमदपूरचा दिवा लागला, तो मॅडमनीच घेतला.

"पीपी हाय. शिवकन्याला इचारायलाय." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हाय का न्हाई? न्हाई म्हटलीस तर त्याला फुकट."

नाही म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"आहे," मी म्हणाले.

खरखर... मग त्याचा श्वास.

"मला वाटलं, न्हाई म्हणताल."

"मी काय पार्वतीबाई आहे?"

तो हसला आणि हिप्परग्याच्या नव्या हातपंपाचं सांगत बसला. किती तरी वेळ. माझ्या बांगड्या वाजल्या.

"शिवकन्या... पैसे भरून पहिल्यांदाच बोलायलोय. म्हणून खरंच बोलतो. तुम्ही मला लई आवडता. तुमच्या आईला इचारलंय. ती म्हणाली, पोरीला इचार."

मी तोंड उघडलं, आणि मध्येच लक्ष्मम्मा मॅडमचा आवाज आला, अगदी नियमाप्रमाणे:

"तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

आजवर हा प्रश्न मी हजारोंना विचारला होता.

"वाढवा, मॅडम," मी म्हणाले. "वाढवतच राहा."