सावलीची कड

भर दुपारी काठीची सावली थांबल्यासारखी दिसते. ती थांबत नाही. पण आखूड होणं संपून पुन्हा लांबायला लागण्याआधी थोडा वेळ असा येतो, की डोळ्याला फरक कळत नाही. कर्जतच्या शाळेच्या मैदानात मालिनी ठोंबरे त्याच क्षणाची वाट पाहत उकिडवी बसली होती... आणि नेमकी तेव्हाच सावली दिसेनाशी झाली. तिच्यावर एका उंच माणसाची सावली येऊन पडली होती.

"जरा सरका," वर न बघता ती म्हणाली. "तुमची सावली माझ्या सावलीवर पडलीय."

"पहिल्याच भेटीत?" तो म्हणाला. सरकला मात्र लगेच.

तो मनोहर सोनावळे, खोपोलीला शिळफाट्याजवळच्या शाळेतला विज्ञानाचा शिक्षक. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याच्या वर्गाने एराटोस्थेनिस हा ग्रीक गणिती निवडला होता, आणि मालिनीच्या वर्गातल्या मुलींनीही तोच. एका गावी दुपारचं ऊन थेट विहिरीच्या तळाशी पोचतं, त्याच वेळी दूर उत्तरेच्या गावी मात्र सावली पडते, एवढ्यावरून या माणसाने दोन हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचा घेर काढला होता. मुलींना नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याचा यराटोबा करून टाकला होता.

"प्रयोगाला गावं दोन लागतात," मनोहर म्हणाला. "माझ्याकडे एकच आहे."

"माझ्याकडेही एकच."

"मग बघा... बेरीज अवघड नाही."

मालिनीने पट्टी उचलून घेतली. हसू आलं होतं, ते पट्टीवरचे आकडे वाचण्यात लपवलं.

ठरलं असं, की रविवारी एकाच मापाच्या काठीची सावली तिने कर्जतला मोजायची, त्याने खोपोलीला. खोपोली कर्जतच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, तेव्हा तिथली सावली किंचित आखूड यायला हवी. सोमवारी शाळा सुटताना तो गाडीने आपलं माप घेऊन आला. दोन्ही मापं अगदी तंतोतंत जुळली, आणि तीच पंचाईत होती.

"दोनीकडं सावली सारकीच?" कशेळ्याहून येणारी नववीतली सुंदरा म्हणाली. "म्हंजे बाई, पृथ्वी सपाट हाय."

"यराटोबा फसला गं," मागून कोणीतरी म्हणालं.

"यराटोबा नाय. सर फसलं."

पुढच्या रविवारीही पृथ्वी सपाटच निघाली. त्या सोमवारी परतीच्या गाडीची वाट बघत दोघं फलाटावर उभी होती.

"सावंतवाडीच्या शाळेचं बोलावणं आलंय," मनोहर म्हणाला. "प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. अंतर वाढलं की चूक कमी होते, तुम्हीच म्हणालात ना?"

"मोजमापातली."

"हं. मग दुसरंही विचारून टाकतो. लग्न कराल माझ्याशी? कराल तर मी कुठे जात नाही."

उत्तर तिला ठाऊक होतं. पण घरी आबाजी होते, तिचे वडील. गावात भातशेती, चार माणसांत मान. आणि सोनावळ्यांचं घर बौद्धवाडीतलं. त्या दोन उंबरठ्यांत सोयरीक झाल्याचं तिने आजवर ऐकलं नव्हतं.

"खात्री झाली की सांगते," ती म्हणाली.

"कशाची? माझी?"

"तुमची आहे. घरची नाही."

"घरी विचारलंत?"

गाडी आली, आणि उत्तर तसंच राहिलं.

तिसऱ्या रविवारी ती सुंदराला घेऊन स्वतःच खोपोलीला गेली. मनोहरने सावलीच्या टोकाला पेन्सिलीने खूण केली, तशी ती वाकली.

"इथे का?"

"सावली इथे संपते."

"सावली इथे संपते." तिने दोन तांदळांएवढं आत बोट ठेवलं. "पुढची नुसती धूसर आहे. खात्रीची नाही."

"धूसर असली तरी सावलीच ना, बाई?" मनोहर म्हणाला. "ऊन तर नव्हे."

मालिनीने पुन्हा वाकून पाहिलं. सूर्य म्हणजे टाचणीचं टोक नव्हे. त्याच्या आकारामुळे सावलीची कड विरत जाते. ती गडद कडेशी थांबत होती, तो फिकट कडेपर्यंत जात होता, आणि दोघांच्या मधे पृथ्वीचा गोलावा गिळला जात होता. कितीही वाट पाहिली असती, तरी कड आपणहून धारदार होणार नव्हती.

"तुम्ही खात्री संपली की थांबता," तो हळूच म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी... जरा पुढे जातो."

"दिसलं ते फलाटावर," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

दोघांनी मधली जागा ठरवली. पुढच्या रविवारी पृथ्वी गोल निघाली. आहे त्यापेक्षा बरीच लहान, पण गोल.

प्रदर्शन कर्जतलाच होतं. लेकीचा प्रयोग बघायला आबाजी धुवट टोपी घालून आले आणि परीक्षकांच्या मागे उभे राहिले. सुंदराने यराटोबाची सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटी म्हणाली, "सावली कुटं संपते ते आदी दोगांनी ठरवावं लागतं. आपसूक ठरत नाय."

परीक्षक हसून पुढे गेले. आबाजी हलले नाहीत.

"आन् हितं कुनी ठरवलं?"

"बाईंनी आन् सरांनी."

आबाजींनी मनोहरकडे पाहिलं. "तुमी कुठलं, सर?"

"सोनावळे. खोपोलीच्या बौद्धवाडीतला."

"असं व्हय." आबाजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मनोहर काठीकडे बघत होता. सावंतवाडीला आज संध्याकाळी कळवायचं होतं; तो बोलणार नव्हता, हे मालिनीला माहीत होतं. त्याचं बोलून झालं होतं.

ती दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"आबा, मी यांच्याशी लग्न करणार आहे. विचारत नाही, सांगतेय... पण सगळ्यांच्या आधी तुम्हाला सांगतेय."