पालथे सात दिवस

डोळ्याचं ऑपरेशन म्हटल्यावर ओकबुनला वाटलं होतं, पट्टी बांधतील, थेंब देतील आणि घरी जा म्हणतील. कसलं काय! कोरियातल्या मोक्पोच्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टरने तासाभरात ऑपरेशन उरकलं आणि वर शिक्षा सुनावली: सात दिवस पालथं पडून राहायचं. खाताना, पिताना, संडासला जातानासुद्धा मान खाली. उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्याला मधोमध भोक पडलं होतं. डॉक्टरने डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला होता. बुडबुडा वर तरंगणार, म्हणून मान खाली असली तरच तो मागच्या भोकाला टेकून बसणार आणि भोक बुजणार.

"मान वर केलीत की माझी सगळी मेहनत पाण्यात, आजी," डॉक्टर म्हणाला.

डाव्या डोळ्यालाही तसलंच भोक होतं, पण ते जुनं, आता न बुजणारं. त्या डोळ्याने कडेकडेचं दिसायचं आणि मधलं गायब. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं व्हायचं. माणसाचे कान दिसत, केस दिसत, चेहऱ्याच्या जागी नुसतं करडं धुकं.

ओकबुनला काही पेपर वाचायचा नव्हता. तिला नवऱ्याचा फोटो बघायचा होता. तीन वर्षांपूर्वी तो बोटीवरून परत आलाच नाही, चार दिवसांनी त्याचं प्रेत आणलं. घरातल्या फोटोत तिला त्याचे दोन कान आणि कॉलर तेवढी दिसे. आणि अलीकडे तर डोळे मिटले तरी चेहरा येईनासा झाला होता. हे तिने लेकीलाही सांगितलं नव्हतं. सेहेचाळीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याचं तोंड विसरायला लागले, हे सांगायचं तरी कुणाला? लाज वाटायची तिला.

लेक, मीह्यांग, सोबतीला होती. पेशंटच्या माणसांसाठी पलंगाखाली एक बुटकी खाट सरकवून ठेवलेली असते. ती मीह्यांग बाहेर ओढायची आणि पलंगाच्या कडेबाहेर आलेल्या आईच्या तोंडाखाली उताणी पडायची. सारखी फरशी बघून म्हातारी कंटाळेल, म्हणून.

"दिसते का मी?"

"कान दिसतात. हे डूल कुठले? हलके वाटतात."

"चेहरा दिसत नाही, पण टोमणा बरोबर सापडतो हं तुला!"

दिवसातून चारदा नर्स यायची. तिचे पांढरे बूट फरशीवर चुंई चुंई करायचे. थेंब घालण्याआधी दर वेळी तेच: "नाव सांगा, आजी. जन्मतारीख सांगा."

"अगं, सकाळीच तर सांगितलं!"

"नियम आहे. एकाचं औषध दुसऱ्याला जायला नको."

"ब्यॉन ओकबुन," ती पुटपुटायची, आणि आपलंच नाव तिला परकं वाटायचं. गल्लीत ती मीह्यांगची आई. नवऱ्याने तर सेहेचाळीस वर्षांत एकदाही नाव तोंडातून काढलं नव्हतं. "ए, ऐक," एवढंच.

पाचव्या दिवशी मीह्यांगने समुद्री शेवाळाचं सूप आणलं. वाढदिवसाला ते हवंच. ओकबुनने मान खाली घालूनच नळीने ते ओढलं.

"बाबांच्या कधी लक्षात राहिला का गं तुझा वाढदिवस?"

"त्यांच्या? भरती-ओहोटीच्या वेळा तेवढ्या पाठ. माझा वाढदिवस दर वर्षी दुसऱ्या दिवशी आठवायचा, तोही सूपचं भांडं बघून."

दोघी हसल्या. मग मीह्यांग डबा विसळायला खाली गेली. दुपारचे तीन वाजत आले होते. बाहेर पाऊस लागला होता, बंदरावरचा भोंगा मध्येच हंबरत होता, आणि खोलीत शेवाळाचा वास भरून राहिला होता.

खाट करकरली.

"आलीस इतक्यात?" ओकबुनने विचारलं. वास वाढला. आता त्यात डिझेल होतं, ओला दोर होता आणि स्वस्तातली सिगारेट होती.

तिने खाली बघितलं. खाटेवर तो उताणा पडला होता.

आणि त्याचा चेहरा तिला दिसला. अख्खा. गळ लागून फाटलेली भुवई, पुढचा अर्धा तुटलेला दात, नाकाशेजारचा तीळ. त्याच फुटक्या डाव्या डोळ्याने, अगदी मधोमध, काहीही गायब न होता.

तिला भीती वाटायला हवी होती. तिला रडू आलं. आसवं सरळ खाली त्याच्या गालावर पडली. त्याने ती पुसली नाहीत.

"अहो... तुम्ही आणखी म्हातारे नाही झालात."

"तू झालीस की," तो तुटका दात दाखवत हसला. मग हसू मावळलं. "ए, ऐक. वर बघू नकोस. आणि ओ देऊ नकोस."

"कुणाला...?"

तेव्हा तिला नजरेच्या कडेला त्या वहाणा दिसल्या. पलंगाच्या पायथ्याशी, तीन जोड, पेंढ्याच्या. बाहेर एवढा पाऊस, आणि त्या कोरड्या ठाक. एका वहाणेचा बंद निळ्या दोऱ्याने शिवलेला होता. जाळ्याचा दोरा. मयताच्या दिवशी, न्यायला येणाऱ्या तीन यमदूतांसाठी दाराबाहेर भात आणि वहाणा ठेवतात. नवऱ्याच्या वेळी तो तुटका बंद तिनेच शिवला होता, स्वतःच्या हाताने.

"ब्यॉन ओकबुन," कुणीतरी मऊ आवाजात म्हणालं. अगदी नर्ससारखं.

तिने ओठ गच्च मिटले.

"ब्यॉन... ओकबुन."

गावाकडच्या पोरांनाही हे ठाऊक असतं. ते तीनदा बोलावतात. दोनदा गप्प राहता येतं. तिसऱ्यांदा कुणाला तरी ओ द्यावीच लागते, त्याशिवाय ते हलत नाहीत. ओकबुनने श्वास रोखला. पोर खाली डबा विसळतेय, तिला निदान सांगून तरी जाऊ दे रे, असं तिच्या मनात आलं.

"नाव सांगा," तिसऱ्यांदा आवाज म्हणाला.

तिचे ओठ हलले. त्याआधीच खालून उत्तर गेलं.

"ब्यॉन ओकबुन."

सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव त्याच्या तोंडून आलं होतं, जरा अडखळत, पण स्पष्ट.

"जन्मतारीख."

"घोड्याच्या वर्षातली. जुन्या पंचांगाने तिसऱ्या महिन्याची एकोणीस." तो तिच्याकडे बघत होता. "आजच."

मग खाट करकरली आणि तिच्या नजरेसमोर पुन्हा नुसती रिकामी खाट उरली. वहाणा वळल्या. त्यांच्यामध्ये दोन ओले अनवाणी पाय होते. ते दाराकडे निघाले.

एकदा, फक्त एकदा मान वर केली असती, तर पाठमोरा तरी दिसला असता. ओकबुनने चादर मुठीत धरली, कपाळ खाली दाबलं, आणि मान वर केली नाही.

"आई, ही खाट एवढी ओली कशी?" मीह्यांगने आल्या आल्या विचारलं.

"मी रडले गं."

"एवढी?"

भोक बुजलं. डॉक्टर खूश झाला. महिन्याभरात बुडबुडा विरून गेला, आणि तक्त्यावरची अक्षरं ती खालच्या ओळीपर्यंत वाचायला लागली. मीह्यांगचा चेहरा नीट बघून पहिलं वाक्य काय बोलली, तर "किती वाळलीस गं, माझे बाई!"

घरी आल्यावर तिने कपाटावरचा फोटो खाली घेतला. कॉलरची शिवण दिसली. एकन् एक टाका दिसला. कॉलरच्या वर दोन कान दिसले. आणि दोन्ही कानांच्या मध्ये करडं धुकं.

तिने डोळे चोळले. डावा झाकून बघितलं, उजवा झाकून बघितलं. मग हळूच म्हणाली, "मीह्यांग, जरा बघ गं. काच मळलीय का?"

मीह्यांगने फोटो हातात घेतला. बाहीने काच पुसली. खिडकीशी जाऊन उजेडात धरली, पुन्हा पुसली. मग मागचे खिळे काढून काच बाजूला केली आणि जिथे बाबांचा चेहरा असायचा तिथे अंगठ्याने कागदच पुसायला लागली.

"राहू दे, पोरी," ओकबुन म्हणाली. "मला आता पाठ आहे."

मीह्यांग मात्र पुसतच राहिली.