एक घर, एक कुटुंब

आर्डिथ क्लोस्टर रूबार्बच्या आंबट देठांचा पाय भाजायची, तेव्हा साखर घालताना हात राखायची. त्यामुळे त्या पायवरून घरात दोन पक्ष पडले होते. डोरा पापस त्यावर आइसक्रीमचा भलामोठा गोळा घेऊन खायची आणि पर्विस लँट्झ डोळे बारीक करून, "आंबट, आंबट," म्हणत दोन तुकडे फस्त करायचा. मे महिना होता. वाऱ्यावर कॉटनवूडच्या झाडांच्या म्हाताऱ्या तरंगत होत्या. खाली नदीच्या धक्क्यावर धान्य भरलं जात होतं आणि मक्याच्या कोंड्याचा गोडसर वास थेट कूपर्स हिलवरच्या व्हरांड्यांपर्यंत चढून येत होता.

घर आर्डिथचं. लाल विटांचं, चुनखडीच्या पायऱ्यांचं, लाकडी पिंपं बनवणाऱ्या कुण्या जर्मन कारागिरानं बांधलेलं. पुढे मंदीच्या काळात कुणीतरी दिवाणखान्यात भिंत घालून घराचे तीन भाग पाडले. वर लँट्झ राहायचा. आयुष्यभर मिसिसिपीवर मालाच्या बोटी चालवलेला माणूस, अजूनही जिना उतरताना कठड्याला धरून डुलत उतरायचा. मागच्या भागात डोरा. ती बेकरीत पहाटपाळी करायची. आर्डिथनं गावच्या हायस्कुलात जन्मभर जीवशास्त्र शिकवलं होतं. निम्म्या टेकडीनं तिच्या हाताखाली बेडूक कापले होते, म्हणून सगळे तिला 'बाई' म्हणत. भाडेकरूही म्हणत.

"बाई, नगरपालिकेत ठराव झाला म्हणे पास," लँट्झ बशी चाटूनपुसून ठेवत म्हणाला.

"झाला. एकमतानं."

ठराव साधा होता. कूपर्स हिल जुनी वस्ती, तेव्हा ती मुळात होती तशीच राहावी. एका घरात एक कुटुंब. आर्डिथनंही त्याच्या बाजूनं भाषण केलं होतं. दूरदूरचे मालक ही घरं विकत घेत, त्यांच्या खुराड्यासारख्या खोल्या पाडत आणि कधी फिरकतही नसत. रंगीत काचा फुटल्या, ओकचे जिने पांढऱ्या रंगानं बरबटले. हे कुठंतरी थांबायला हवं होतं. आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूंना हात लावणार नाहीत, अशी तिची समजूत होती. ती चुकीची निघाली. उन्हाळा संपायच्या आत तपासनीस घरोघरी येणार होता आणि कुटुंब म्हणजे रक्ताचं, लग्नाचं नाहीतर दत्तक, एवढंच तो मानणार होता.

"मग सोपंय," लँट्झ म्हणाला. "तुम्ही माझ्याशी लग्न करा. डोराला दत्तक घेऊ."

"मला नका मध्ये ओढू," डोरा हसत म्हणाली. "असला बाप मला परवडायचा नाही."

"तुमच्याशी लग्न करण्यापेक्षा मी घर विकीन, लँट्झ," आर्डिथ म्हणाली.

तिघंही हसली. मग डोरानं बशा गोळा केल्या. लँट्झला जायला कुठंच जागा नव्हती. डोराची बेकरी टेकडीच्या पायथ्याशी होती आणि तिच्याकडे गाडी नव्हती. आणि आर्डिथला त्या घरात एकटं राहायचं नव्हतं, हे तिनं अजून स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

रविवारी दूर पश्चिम किनाऱ्यावरच्या टॅकोमाहून तिच्या भावाचा, रॉयसचा, नेहमीसारखा फोन आला.

"आर्डे, यात विचार कसला करतेस? दोघंही परके आहेत. त्यांना दुसरीकडे जागा बघू दे. नाहीतर घर विक आणि इकडे ये."

"बघते रे."

"तुझं हे 'बघते' मी लहानपणापासून ऐकतोय."

तिला आर्डे म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता.

जूनमध्ये तिनं एक केलं. निदान घर तरी एक दिसावं म्हणून मधली भिंत पाडायला काढली. भिंत लँट्झनंच पाडली. आतल्या लाकडी पट्ट्या उचकटल्या तसा पलीकडून थंड हवेचा झोत आला. तळघराचा कुबट वास नव्हता तो. ताज्या तासलेल्या ओकच्या भुशाचा आणि कुठंतरी पीठ फुगत असल्याचा वास होता. संध्याकाळपर्यंत जिना मोकळा झाला आणि खिडकीतलं तांबडं-पिवळं ऊन पहिल्यांदा थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचलं. तिघं तिथं उभी राहून बघत राहिली.

"घरानं श्वास सोडल्यासारखं वाटतंय," डोरा म्हणाली.

"हवेचा दाब बदलला," आर्डिथ म्हणाली. "एवढंच."

वरचा स्टोव्ह काढून टाकल्यामुळे आता एकाच टेबलावर जेवण सुरू झालं. डोरा बेकरीतून राय धान्याचा काळसर ब्रेड आणायची, लँट्झ मागीलदारी मासे भाजायचा. इतकं चांगलं आपण कधी जेवलो होतो, हे आर्डिथला आठवेना. तिला झोप गाढ लागायला लागली. गुडघ्याची कुरकुरही थांबली.

एका सकाळी लँट्झनं कॉफी बशीत ओतली, डावा डोळा मिटून तिच्यावर फुंकर घातली आणि फुर्रकन ओढली.

आर्डिथच्या हातातला चमचा तसाच राहिला. तिचे वडील अशीच कॉफी प्यायचे. डावा डोळा मिटून.

"बशीतून कधीपासून प्यायला लागलात?"

"नेहमीच पितो की," लँट्झ म्हणाला आणि फडताळातल्या आपल्या पत्र्याच्या मगाकडे, तो कुणाचा असावा, अशा नजरेनं बघू लागला.

म्हातारपणी माणसाच्या सवयी बदलतात, हे तिला माहीत होतं. तिनं विषय सोडून दिला.

मग एका दुपारी ती आणि डोरा व्हरांड्यात मटार सोलत बसल्या होत्या. पाऊस येणार होता, नदीला शेवाळाचा वास सुटला होता.

"असाच वास यायचा तळ्यावर," डोरा म्हणाली. "बाबांनी होडी उलटी केली होती बघा, आणि आई काठावरून ओरडत होती, आधी टोपी वाचवा, टोपी!"

आर्डिथचे हात थांबले. ती टोपी गवताची होती. तिला हिरवी फीत होती. आणि तेव्हा होडीत आर्डिथ आणि रॉयस बसलेले होते.

"कुणाचे बाबा, डोरा?"

डोरानं मान वर केली. तिचा चेहरा गोंधळला, नंतर निवळला. "असं काय विचारतेस, ताई? बाबा."

तिनं पुन्हा मटारांत हात घातला. तेव्हा आर्डिथला तिची करंगळी दिसली. शेवटचं पेर आतल्या बाजूला झुकलेलं. क्लोस्टरांच्या घरात सगळ्यांची करंगळी अशीच होती. आनुवंशिकता शिकवताना आर्डिथ वर्गात स्वतःचा हात वर करून दाखवायची. डोरा इतकी वर्षं तिच्या समोर वावरत होती. ही करंगळी आजवर सरळ होती. नक्की सरळ होती.

आत जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं. असं होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वाढलेलं हाड वाकत नाही. मोठेपणी रक्त बदलत नाही. संधिवात असेल, असं तिनं स्वतःला बजावलं.

संध्याकाळी लँट्झनं हात पुढे केला. "आर्डे, मीठ दे गं."

त्याचीही करंगळी वाकडी होती.

तिनं मीठ दिलं. भीती वाटायला हवी होती, आणि ती वाट बघत बसली. भीती आलीच नाही. आलं ते वेगळंच काहीतरी, थंडीत कुणीतरी पायांवर रजई ओढावी तसं. "घे," ती म्हणाली, "पण बेतानं घाल. तुला रक्तदाब आहे." लँट्झला आपण अरे-तुरे करतोय हे तिच्या लक्षात यायला भांडी घासून व्हायची वेळ आली.

समोरच्या घरात बर्डी योकम नावाची म्हातारी आणि तिचे चार भाडेकरू होते. एक वेल्डर, एक नर्स आणि कॉलेजातली दोघं. पूर्वी ती माणसं जिन्यात एकमेकांना टाळत. आता रोज संध्याकाळी सगळी व्हरांड्यात दाटीवाटीनं बसलेली दिसत, आणि कुणी विनोद केला की पाचही जण एकदमच मान मागे टाकून हसत. रस्ताभर तेच चाललं होतं. टेकडी इतकी प्रसन्न कधी नव्हती. कुणाचं कुंपणावरून भांडण नाही, कुणाचा कुत्रा कुणावर भुंकत नाही.

रॉयसचे फोन मात्र जड जायला लागले. त्याचा आवाज बारीक येई, मध्ये नदी असल्यासारखा. एकदा तो बोलत असताना तिनं त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. लँट्झचा आला.

"आर्डे, बरी आहेस ना तू?"

"छान आहे," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. फोन ठेवल्यावर डोरानं विचारलं, "कोण होतं गं?"

"कुणीतरी घर विका म्हणत होतं," आर्डिथ म्हणाली.

तपासनीस ऑगस्टच्या अखेरीस आला. हॅल्वर्सन नाव, गोरटेला, घामाघूम झालेला तरुण. आर्डिथचाच विद्यार्थी. त्या सकाळी क्षणभर तिचं डोकं लख्ख झालं. हे दोघं आपले भाडेकरू आहेत, आता त्यांना जावं लागणार, हे तिला स्पष्ट दिसलं. खोटं बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं. जे आहे ते सांगायचं.

हॅल्वर्सन घरभर फिरला. जिन्यावरून हात फिरवून "सुंदर!" म्हणाला. मग स्वयंपाकघरात आला. तिघं टेबलाशी बसलेली होती. त्यानं एकेकाकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं.

"बाई, तुम्हाला भावंडं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं."

नळ ठिबकत होता.

"विचारायचीही गरज नाही म्हणा. तिघांची नाकंच सांगतायत." तो तिच्याकडे वळला. "थोरले कोण?"

आर्डिथनं तोंड उघडलं. 'नाही' हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. तिनं लँट्झकडे पाहिलं. त्यानं डावा डोळा किंचित मिटला होता. तिनं डोराकडे पाहिलं. डोरानं टेबलाची कड धरली होती.

"पर्विस," ती म्हणाली. "मग मी. हे आमचं शेंडेफळ."

बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरलं. हॅल्वर्सन पायचा तुकडा खाऊन गेला. गेल्यावर तिघंही बराच वेळ हात हातात धरून बसून राहिली, आणि डोरा थोडी रडली, सुखानं.

सप्टेंबरात एका दुपारी फाटकाशी निळी गाडी थांबली. आर्डिथ पायऱ्या झाडत होती. उंच, थकलेला, साठी ओलांडलेला माणूस उतरला. कितीतरी लांबून गाडी हाकत आलेला दिसत होता.

"आर्डे! फोन का उचलत नाहीस?"

तिनं झाडू कठड्याला टेकवला. "कोण हवंय आपल्याला?"

तो हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. "अगं, मी रॉयस."

"मी ओळखलं नाही तुम्हाला. माफ करा."

"आर्डे, थट्टा पुरे."

आपलं लाडकं नाव या गृहस्थाला कसं माहीत, याचं तिला नवल वाटलं. आवाजात मात्र काहीतरी होतं. शिकवताना एखादा शब्द ऐन वेळी जिभेवरून निसटायचा, तसं झालं. तिनं आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं.

"तळं आठवतं?" तो घाईघाईनं म्हणाला. "होडी उलटली. आईची टोपी. तू माझ्या गळ्याला मिठी मारलीस."

"तो आमचा पर्विस," आर्डिथ हळूच म्हणाली. "माझा भाऊ."

लँट्झ दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या मागे डोरा. माणसानं तिघांचे चेहरे पाहिले, एकापाठोपाठ एक, आणि फाटकाची कडी घट्ट धरली.

तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं.

करंगळी सरळ होती.

"तुमची काहीतरी गल्लत होतेय," ती म्हणाली. "पाणी देऊ का?"

रस्त्याच्या कडेला गाडीला टेकून तो मटकन खाली बसला. आर्डिथला त्याची फार कीव आली. घरात घ्यावं असंही मनात आलं, पण का कोण जाणे, टेबलाशी चौथी खुर्ची मावेल असं तिला वाटेना.

पलीकडून बर्डी योकमची हाक आली. "अहो पाहुणे! उन्हात काय बसलात? या वर, कॉफी टाकलीय."

माणूस उठला. दोन पावलं चालून त्यानं एकदा मागे पाहिलं. मग रस्ता ओलांडून गेला.

आर्डिथनं उरलेल्या पायऱ्या झाडून काढल्या.

ऑक्टोबर उबदार निघाला. मॅपलची पानं पेटल्यासारखी लाल झाली. योकमांच्या अंगणात एक निळी गाडी केव्हापासून उभी होती आणि तिच्या टपावर पानांचा थर साचला होता. संध्याकाळी आर्डिथ, पर्विस आणि डोरा पांघरुणं घेऊन व्हरांड्यात बसली. समोरची मंडळीही बसली होती. बर्डीचा खालचा ओठ जरा पुढे आलेला होता आणि कान बाहेर फाकलेले. तिच्या शेजारी एक उंच माणूस परात मांडीवर घेऊन अक्रोड फोडत होता. कुणीतरी काही बोललं, आणि सगळ्यांनी एकदमच मान मागे टाकली.

हसता हसता त्याचं लक्ष इकडे गेलं. शेजारी करतात तसा त्यानं हात वर केला. आर्डिथनंही केला.

"हा बर्डीचा थोरला ना?" पर्विसनं विचारलं.

"हो," आर्डिथ रजई गुडघ्यांवर नीट घेत म्हणाली. "कान बघ ना, ओठ बघ. अगदी आईवर गेलाय."