काचेतला फरक

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी दुकानाचं शटर ओढतच होते. बाहेर भुरभुर चालली होती. तो वाकून आत शिरला... खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी, केसांत बारीक थेंब.

"फ्रेम करणारे काका आहेत?"

"बाबा मागच्या महिन्यात गेले," मी म्हटलं.

त्यानं पिशवी खाली ठेवली. मग हळूच खिशातून एक बिल काढलं. "माझ्या प्रदर्शनाच्या फ्रेम त्यांनीच केल्या. बिल साध्या काचेचं लावलंय, पण बसवलीय बिनचकाकीची... महागाची. फरक द्यायचा राहिलाय."

बाबांच्या हातचं ते शेवटचं बिल होतं. "मी त्यात खाडाखोड करणार नाही." माझा आवाज जरा तुटकच आला.

"करूच नका. डेबिट नोट काढा."

ते मला बाबांनीच शिकवलं होतं. दिलेलं बिल खोडायचं नाही. जास्त लागलं असेल तर क्रेडिट नोट, कमी लागलं असेल तर डेबिट नोट. तिच्यावर मूळ बिलाचा नंबर, तारीख, फरक आणि कारण. मूळ बिल जसंच्या तसं राहतं. इतकी वर्षं तो मला निव्वळ नियम वाटायचा. त्या संध्याकाळी त्याच नियमानं धीर दिला.

"जास्त पैसे द्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतेय," मी लिहिता लिहिता म्हटलं.

"मीही एकटाच धंदा करतो हो. कमी लावलेलं बिल किती झोंबतं, ते मला विचारा!"

बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा हजर. भिंतीवरच्या हुकांचे पैसे लावायचे राहिले होते. मग टेम्पोचं भाडं.

"हे सगळं एकदम का नाही सांगितलंत?"

"एकदम सांगितलं असतं तर..." तो दारातल्या पावसाकडे बघत राहिला. "एकदाच यायला मिळालं असतं."

आत्या आतून खाकरली. तो गेल्यावर म्हणाली, "तुझा डेबिट नोटवाला बरा आहे गं! पण बिल पुरं झाल्यावर काय करणार तो?"

मी हसण्यावारी नेलं. पण तिसऱ्या नोटेनंतर तो खरंच आला नाही. पावसात दारासमोर कुणी छत्री मिटली की माझे हात थांबायचे. शेवटी बाबांचं बिल पुढ्यात घेतलं, प्रत्येक ओळ ताडून पाहिली आणि त्याला फोन लावला. "हिशोबात गडबड आहे. या."

तो धापा टाकत आला. "काय चुकलं?"

"काही नाही." माझे कान तापले. "पुन्हा पुन्हा तपासलं... काहीच चुकलेलं नाही."

"मग?"

"मग तुम्ही येणार कसे?"

 तो भिजलेल्या बाहीनं कपाळ पुसत म्हणाला, "मीही रोज तेच बिल घेऊन बसतो. कुठे एक रुपया इकडचा तिकडे सापडेल म्हणून..."

"आणि?"

"बाकी सगळ्यात तुमचे बाबा फार चोख होते हो."

माझे डोळे भरून आले. तो घाबरून पुढे झाला, माझ्यासमोर येऊन थांबला. मी त्याचा ओला हात धरला.

"उद्या ये," मी म्हटलं. "असाच."