देवजीचा आवाज

हरेश मूळचा किन्हवलीचा. गावच्या जत्रेतल्या नाटकात त्याने पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तो एक्क्याण्णव साली. पुढे व्यावसायिक नाटकांचे दौरे झाले, आणि बारा वर्षांनी टीव्हीवरच्या मालिकेत थोरल्या भावाचं काम मिळालं. चेहरा बेताचाच. पण आवाज असा, की माईक नसतानाही शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, हा आपल्याच कानाशी बोलतोय.

त्या आवाजासाठीच सुंदरा त्याला शहापुरात भेटायला आली. तिचा नवरा देवजी आठ वर्षांपूर्वी तानसाच्या तलावात मासे धरायला उतरला, तो वर आलाच नव्हता.

"सासू आंधळी हाय, दादा. शेजारच्या टीव्हीवर तुमचा आवाज आयकला तवापासून बोलते, माझा देवजी मुंबईला हाय. जेवत नाय, दाराशीच बसून असते. तुमी एकदा या. नुसतं सांगा, मी बरा हाय, तू जेव."

हरेशला वाटलं, दोन वाक्यांचं तर काम! तो तिच्याबरोबर निघाला.

चैत्रातली दुपार होती. मोहाचा गोडसर वास अंगणात साचून राहिला होता. पडवीत सुंदराची सासू, गिरजा म्हातारी बसली होती. तिच्यासमोर उकिडवा बसत, आवाज खाली आणून हरेश म्हणाला, "आये... मी आलोय. बरा हाय मी. तू जेव."

म्हातारी हसली. तिने त्याचा चेहरा चाचपला नाही. हात सरळ त्याच्या गळ्यावर ठेवला, अगदी अलगद.

"बोल रे... बोलत ऱ्हा."

आणि हरेश बोलू लागला. कुणी न सांगितलेली वाक्यं आपसूक ओठांवर येत गेली. लहानपणी चावलेला विंचू, पावसात मेलेली तांबडी गाय, बापाने केलेली लाकडी गाडी... झोपेत चालावं तसा तो बोलत होता, आणि ते त्याला गोड वाटत होतं.

सुंदरा खांब धरून उभी होती. "दादा..." ती पुटपुटली, "गायीचं तुमाला कोनी सांगितलं?"

हरेश बोलतच राहिला. म्हातारीने हात काढला तेव्हा उन्हं कलली होती. त्या संध्याकाळी ती वाडगाभर पेज जेवली.

तिसऱ्या दिवशी मुंबईत डबिंग होतं. हरेशने संवाद म्हटला. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट आदेशने पुन्हा म्हणायची खूण केली. चार वेळा तसंच झालं. शेवटी आदेशने टेप ऐकवली. कागद उलटल्याचा आवाज होता, हरेशच्या श्वासाचा होता. शब्द मात्र एकही नव्हता.

"समोर बोलतोस ते तर नीट ऐकू येतंय," आदेश म्हणाला. त्याने माईक बदलला. तरी तेच.

दुसऱ्या दिवशी हरेश पुन्हा त्या घरी गेला. अंगणातच त्याचे पाय थांबले. पडवी रिकामी होती, आणि आतून त्याचाच आवाज येत होता. निवांत, घरच्या माणसासारखा.

"आये, आजून घे थोडी... गरम हाय, फुंकून घे."

मागोमाग गिरजेचं हसू ऐकू आलं.

सुंदरा बाहेर आली. कपाळावर ताजं कुंकू, केसांत अबोलीचा गजरा. ती दारातच आडवी उभी राहिली.

"आत नका येऊ, दादा," ती हळूच म्हणाली. "आयेला दोन आवाज आयकू येतील... घाबरंल ती."

"सुंदराताई, आत कोण आहे?" हरेशने विचारलं. मग सगळा जीव एकवटून पुन्हा विचारलं.

सुंदरा त्याच्या ओठांकडे बघत राहिली. पदर सावरत एक पाऊल जवळ आली, कान पुढे केला.

"काय बोलता, दादा?... जरा मोठ्यानं बोला."