साखरेचं पोतं

अकोल्याच्या जुन्या शहरात किराणा दुकानाच्या पायरीवर दामिनी घसरली, आणि तिचा हात धरला तो नेमका पियुषनं. खांद्यावरचं साखरेचं पोतं सावरत तो म्हणाला, "सांभाळून! फुलं सांडली असती ना."

दामिनी बाजारात फुलं विकायची, आणि हा मूर्तिजापूरचा पोरगा तिच्या समोरच मध विकायला बसे. नजरानजर रोजचीच. पण आज तिची नजर अडकली ती पोत्यावर... मधवाल्याला एवढी साखर कशाला?

दुपारी एका बाईनं त्याची बाटली उजेडात धरली आणि दामिनीची जीभ सुटली.

"कायचा मध घेता काकू? पाक हाये तो! सकायीच पोतंभर साखर नेली त्यानं, म्या पाह्यलं."

बाजारात बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ! त्यानंतर त्याची एकही बाटली खपली नाही. पियुष भांडला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "शेतात येऊन पाहा. मंग सांगा लोकायले."

ती तावातावानं त्याच्या मागोमागच गेली. लिंबाच्या झाडांखाली मधपेट्या मांडल्या होत्या आणि पियुष एकेका पेटीत साखरपाण्याची वाटी ठेवत होता.

"पावसायात फुलात रस नसते," मान वर न करता तो म्हणाला. "उपाशी राह्यल्या त मरतात बिचाऱ्या. मध निघते थो हिवाळ्यात, तूर फुलल्यावर; ह्या बाटल्या तवाच्याच. यंदा अर्ध्या पेट्या रिकाम्या झाल्या... ह्या जगल्या तरच धंदा राहीन."

"आन् मी भर बाजारात—"

दामिनीचे कान तापले. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. त्यानं दिलेला चहा हातात धरून तिनं विचारलं,

"तुमी शिव्या कावून नाही देत मले?"

"फुलवालीले शिव्या देल्या त माश्या रुसतीन ना माह्या!"

तो हसला, आणि ती आणखीच ओशाळली. शिवी परवडली असती.

दुसऱ्या दिवशी तोंड लपवून घरात बसणं सोपं होतं. पण ती भर बाजारात उभी राहिली. "आयका! म्या खोटं बोलली. साखर माश्यायच्या पोटासाठी होती. मध असली हाये, म्या डोयानं पाह्यलं!" बोलता बोलता तिचा आवाज फाटला.

शेजारच्या फुलवाल्या पार्बताबाईंनी तोंडाला पदर लावला. "अवं पोरी, एवढी वकिली करून राहिली... कोन लागते थो तुहा?"

सगळे बघू लागले. खोटं एकदा बोलून झालं होतं, पुन्हा बोलवेना.

"अजून... कोनी नाही," ती पुटपुटली. "पन लागला... त आवडीन मले."

हशा पिकला. पार्बताबाईंनी पियुषपुढे हात केला, "दे बापा, एक बाटली मले."

पियुषनं ती दिली, उरलेल्या बाटल्यांचं खोकं उचललं आणि थेट दामिनीजवळ येऊन उभा राहिला.

"सरक जराशी."

"लोक पाहून राहिले ना..."

"पाहू दे. काल मले एकट्याले बदनाम केलं तू. आता दोघं होऊ."

दामिनीनं मान वर केली नाही... फक्त झेंडूची टोपली बाजूला सरकवली.