उष्टी पाकळी

मालननं गार काचेवर फुंकर घातली आणि मागं सरकून उभी राहिली. काचेवर बर्फाचं फूल उमललं. मधोमध तुरा, भोवती नाजूक पाकळ्या, त्यातली एक डावीकडं वाकलेली.

"हे हायेत अजून," ती म्हणाली.

वेण्णा तलावाकाठी पौषात दव पूर्वीही गोठायचं. श्वासाचं फूल पाडायला मात्र डॉक्टर रेणू खटावकरांनी शिकवलं. पाणी सहजी गोठत नाही, त्याला बी लागतं. तोंडातले जिवाणू फुंकरीबरोबर उडतात आणि डॉक्टरांच्या या गार काचेवर तेच बी होतात. जसे जिवाणू, तशी पाकळी. म्हणून प्रत्येकाचं श्वासफूल वेगळं. एका ताटात जेवणाऱ्यांची फुलं मात्र हळूहळू एकमेकांत मिसळतात.

मालन जन्मभर नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवली. तो गेला, त्याची वाकडी पाकळी तिच्या फुलात राहिली. ही कुठवर टिकेल, असं तिनं विचारलं तेव्हा डॉक्टर सहज बोलून गेल्या, की दुसऱ्या कुणाचे जिवाणू येऊन जागा बळकावत नाहीत तोवर.

मालननं पदराला गाठ मारली.

पुढं?

पुढं चूल वेगळी, पेला वेगळा. नातीचा मुका नाही. आमचा विटाळ होतो काय तुला, असं लेकानं एकदा विचारलं. तिनं आपला पेला आपणच विसळला. तलावाकाठी आता पुष्कळ खोल्यांतून अशी एकेकटी माणसं राहत होती, आपापलं फूल सांभाळत.

यंदा काचेपाशी नात मृगा सोबत आली होती. तिनं स्ट्रॉबेरी अर्धी खाल्ली आणि उरलेली आजीच्या ओठांशी नेली.

"आ कर की, आजी. लई गोड हाय."

मालननं ओठांना पदर लावला. मृगानं हट्ट केला नाही. तिला सवय होती.

मग पोरीलाही फुंकायचं होतं. डॉक्टरांनी तिला उचलून धरलं. फूल दाट आलं, झेंडूसारखं. लेकासुनेच्या जुन्या काचांचे फोटो डॉक्टरांपाशी होतेच. ते बघत त्या बोट ठेवत गेल्या. ही आईची, ही बाबांची. हा झुपका कुणाचा? कुत्रं तोंड चाटतं का गं? मृगा खुदकन हसली.

"आन माझी कुठली?" मालननं विचारलं.

डॉक्टरांनी पुन्हा एकेक पाकळी तपासली.

"तुमची नाही, मावशी. एकही नाही."

मालन खाली बसली. तिनं मृगाची मूठ हलकेच उघडली. आत स्ट्रॉबेरीचा नुसता हिरवा देठ होता.